लागली म्हणायचं नाही

दरवान भित्रा होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कळलं तर म्हणाल, बघा, लपवलं. त्यानं स्वतःही ते कधी लपवलं नाही. आता भीती पाण्याची म्हणाल तर अजिबात नाही, गड्याचा जन्म पाण्यावर गेलेला. शत्रूची भीती होती, पण ती सगळ्यांनाच होती, तिचं काय एवढं. दरवानाची खरी भीती होती ती त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताची.

दरवान हे काही त्याचं नाव नव्हे, ते पलटणीतल्या लोकांनी ठेवलेलं. एके दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर मोठी चढाई व्हायची होती. हजारो माणसं समुद्रातून एकदम वाळूवर उतरायची होती, आणि त्यासाठी सपाट बुडाच्या लोखंडी बोटी बनवून घेतलेल्या होत्या. या बोटीला पुढे नाकाच्या जागी सरळ एक दार. ते दार पाण्यात आडवं पडायचं आणि त्याच्यावरून माणसं बाहेर पळायची. दार साखळीनं पार मागच्या रहाटाला बांधलेलं आणि रहाटाचा दांडा आपल्या या गड्याच्या हातात. दांडा सोडला की दार पडलं. झाला तो दरवान.

त्याच्या शेजारी एका लोखंडी पेटाऱ्यावर उभे राहून सुकाणू धरायचे ते त्याचे दाजी, सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. बोलण्याच्या बाबतीत दाजी म्हणजे पक्का चिक्कू माणूस. शब्द खर्च झाला तर परत मिळणार नाही अशा हिशेबानं बोलायचे. लढाई सुरू होण्याआधी हे दोघं नदीच्या मुखाशी फेरीबोट चालवायचे, या तीरावरून त्या तीराला. दाजी सुकाणूवर आणि मेव्हणा फळीवर. बोट धक्क्याला टेकली की दाजी ओरडायचे, "लागली", आणि दरवान फळी टाकायचा. धक्क्यावर ताईची चहाची टपरी होती. "लागली" कानावर आलं की ताई मान वर न करता दोन पेले भरायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. दरवानाच्या कानाची आणि हाताची एवढी दोस्ती जमली होती की मध्ये डोकं नावाच्या तिसऱ्या माणसाला कुणी विचारतच नव्हतं. तुम्ही त्याला झोपेत "लागली" म्हणाला असतात तरी त्यानं पांघरूण फळीसारखं टाकलं असतं.

लढाई आली आणि वल्हं कुठल्या टोकाला धरतात हे ज्याला ज्याला ठाऊक होतं त्याला सरकारनं उचललं. दाजी गेले, दरवान गेला. ताईनं टपरीला कुलूप ठोकलं आणि छावणीच्या स्वयंपाकघरात काम मागायला स्वतःच येऊन उभी राहिली. "दोघांना एकदम नेताय, मग मी काय भिंतींशी बोलू?" असं तिनं भरती करणाऱ्या साहेबाला विचारलं. साहेबाकडे मोठ्या कढईत उलथनं फिरवू शकेल असा माणूस तसाही नव्हता. ताई लागली कामाला.

पहिल्याच दिवशी तिनं भावाला भांडी घासायच्या जागेमागे नेलं. "बारक्या," ती म्हणाली. दरवान चांगला आडवातिडवा वाढलेला, पण ताईला तो बारक्याच. "ह्यांच्याकडे बघ. दोघं जाताय तर दोघं परत यायचं. मला दुसरं काही नको."

"हो ताई," दरवान म्हणाला. शब्द देताना माणसाला जड वाटत नाही.

छावणीभोवती काटेरी तार होती. आत आलेला माणूस बाहेर जात नव्हता, पत्रं बंद होती, आणि तो एके दिवशी म्हणजे कोणता दिवस हे कुणालाच माहीत नव्हतं. पलटण म्हणजे तरी कोण, कालपर्यंतचे शिंपी, न्हावी, कारकून, पोस्टमन. त्यांना आधी कोरड्या जमिनीवरच शिकवलं. मैदानात चुन्यानं बोटीचा आकार आखलेला. त्यात सगळ्यांनी रांगा करून उभं राहायचं, हवालदारांनी "दार" म्हटलं की दरवानानं कुठल्याशा रिकाम्या घरातून आणलेलं लाकडी दार खाली पाडायचं आणि सगळ्यांनी त्यावरून धावत सुटायचं. सुरुवातीला हसायला यायचं. शिंपी तर चुन्याच्या रेघेबाहेर पाय पडला की "बुडालो" म्हणायचा. हवालदार मात्र हसत नव्हते. ते जुने शिपाई, आधीच्या अशाच एका चढाईतून जिवंत परतलेले.

"दार पडलं की थांबायचं नाही," ते रोज सांगायचे. "समोर काय आहे ते बघायचं नाही. पुढचा पाऊल टाकेल, मागचा त्याला ढकलेल. दारात विचार करत थांबला तो स्वतः मरतो आणि मागच्यांना मारतो. समजलं?"

सगळ्यांना समजलं. नको इतकं समजलं, हे पुढे कळलं.

मग बोटी पाण्यात गेल्या आणि हसणं संपलं. सपाट बुडाची बोट लाट कापत नाही, लाटेवर चढते आणि आपटते. आत डिझेलचा वास, पायाखाली ओकारीचं पाणी, चारी बाजूंनी पत्र्याच्या भिंती. दरवानाला मागून दिसायचं काय, तर पोलादी टोपांच्या रांगा आणि वर आभाळाचा एक तुकडा. पुढे समुद्र आहे की किनारा, हे एकट्या दाजींना दिसायचं. दाजींनी हुकूम दिला की दरवानानं दांडा सोडायचा.

शिंप्याला बोट लागायची. अशी तशी नाही, धक्का सुटायच्या आतच त्याचा चेहरा ओल्या चुन्यासारखा व्हायचा. हवालदारांनी त्याला शेवटच्या रांगेत, दरवानाच्या अगदी पुढ्यात उभं केलं. "ओकायचं तर मागे ओक, पुढच्यांच्या पाठी खराब करू नकोस," म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुणालाही हेच सुचलं असतं.

त्या दिवशी धुकं होतं. बोट एका मोठ्या लाटेवरून खाली आली, बुडाला दणका बसला, दात वाजले, आणि नेमकं त्याच वेळी दरवानाच्या कानाशी कुणीतरी कळवळून ओरडलं, "लागली, बोट लागली."

शिंपी बिचारा आपल्या पोटाचं सांगत होता. पण ते डोक्याला कळेपर्यंत हातानं दांडा सोडला होता.

दार पडलं. पुढे किनारा नव्हता, नुसतं हिरवंकाळं पाणी. आणि पुढच्या रांगेनं शिकवल्याप्रमाणे केलं. बघितलं नाही, थांबली नाही, पाऊल टाकलं. तिघंजण पाठीवरच्या ओझ्यासकट सरळ खाली गेले, जणू जिन्याची पायरी चुकली. दाजींनी बोट तशीच मागे रेटली म्हणून ती भरली नाही. मागून येणाऱ्या बोटीनं गळ टाकून तिघांना ओढून काढलं. दोघं खोकत, शिव्या देत वर आले. तिसरा पोस्टमन. तो उशिरा सापडला. वाळूवर पालथा घालून त्याच्या पाठीवर किती वेळ दाबत होते, आणि दरवान बाजूला उभा राहून स्वतःच्या हाताकडे बघत होता. शेवटी पोस्टमननं श्वास घेतला. दरवानाला वाटलं, आता हा मला एक सणसणीत शिवी देईल. पोस्टमननं त्याच्याकडे फक्त बघितलं आणि डोळे मिटले.

"कुणी सांगितलं दार सोडायला?" हवालदारांनी विचारलं.

"कुणी नाही," दरवान म्हणाला. "हातानं सोडलं."

"हाताला कुणी सांगितलं मग, त्याच्या बापानं?" हवालदारांचा आवाज कापत होता. तेही घाबरले होते, हे दरवानाला तेव्हा दिसलं आणि त्याची भीती दुप्पट झाली. "उद्यापासून दांड्यावर दुसरा माणूस."

तेव्हा दाजी बोलले. त्यांच्या मानानं ते भाषणच होतं. "दुसरा आणाल तोही फेरीवरचाच असेल. या शब्दावर आम्ही सगळ्यांनीच जन्मभर फळ्या टाकल्यात. माणूस नको बदलायला, साहेब. शब्द बंद करा."

हवालदारांनी बराच विचार केला. मग सगळ्यांना ओळीत उभं केलं. "आजपासून हा शब्द बंद. लागली नाही, लागला नाही, लागतंय नाही, लागेल नाही, त्याचं सगळं खानदान बंद. बोटीत बंद आणि छावणीतही बंद, जिभेला सवयच नको. दार उघडायला एकच हुकूम, दार. तो देणार एकच माणूस, सुकाणूवाला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो शब्द आला तर वाळूचं पोतं डोक्यावर घेऊन टेकडीला फेरी."

आता आपल्या भाषेतून हा शब्द काढायचा म्हणजे शिजलेल्या जेवणातून मीठ परत वेचायचं. माणसाला भूक लागते, तहान लागते, डोळा लागतो. ठेच लागते, ऊन लागतं, उचकी लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, छंद लागतो, वेड लागतं. एखादं बोलणं मनाला लागतं. आणि रस्त्याला लागावं लागतं, हे तर एकाच दमात दोनदा. पहिल्या दिवशी टेकडीवर पोतं घेतलेल्या माणसांची रांग होती. लोक बोलायच्या आधी थांबायला शिकले. "मला भूक झालीय," "माझी झोप जमली नाही," "इथून पुढे पाच मिनिटं जातात," अशी भाषा सुरू झाली. एकदा खुद्द हवालदार ओरडले, "वेड लागलंय का तुम्हाला," आणि सगळी ओळ गप्प झाली. हवालदारांनी इकडे तिकडे बघितलं, मुकाट्यानं पोतं उचललं आणि टेकडीकडे गेले. त्या दिवसापासून लोक त्यांच्यासाठी जीव द्यायला तयार झाले.

शिंप्यानंच एकदा विचारलं, "साहेब, समजा उद्या गोळी... म्हणजे गोळी आली अंगात, तर काय ओरडायचं?"

"आईला हाक मार," हवालदार म्हणाले. "तिच्यावर बंदी नाही."

सगळे हसले. दाजी हसले नाहीत. ते सुकाणूला तेल देत होते.

असे दिवस गेले. सराव वाढत गेला, पहाटेच्या अंधारात, भरतीत, ओहोटीत, आणि दार रोज वेळेवर पडत होतं. पण पोस्टमन परत पहिल्या रांगेत आला होता. दार पडायच्या आधी तो दर वेळी मान मागे वळवायचा आणि सगळ्या टोपांवरून दरवानाकडे बघायचा. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर सोसला असता. आपण निजायच्या आधी कडी नीट घातलीय ना ते बघतो, तसा तो नुसता बघून घ्यायचा. दरवान मान हलवायचा. त्यावर पोस्टमनचा विश्वास बसायचा की नाही कोण जाणे. दरवानाचा स्वतःचा बसत नव्हता.

मग एके दिवशी ताटात मांस आलं. दुसऱ्या दिवशी मांस आणि वर गोड. सुरुवातीला लोक तुटून पडले, मग एकेकाचा हात मंदावला. बोकडाला कोणत्या दिवशी चांगलं खाऊ घालतात हे कुणाला सांगायला नको. शिंप्यानं वाटी तशीच परत केली. त्या संध्याकाळी जाहीर झालं, उद्या मोठा सराव. सगळ्या बोटी, सगळ्या पलटणी एकदम, आणि किनाऱ्यावरून खऱ्या गोळ्या झाडणार. डोक्यावरून, चांगल्या वरून, घाबरायचं कारण नाही, फक्त आवाजाची सवय व्हावी म्हणून. घाबरायचं कारण नाही असं अधिकारी सांगतो तेव्हा माणूस घाबरतो ते उगाच नाही.

दरवान स्वयंपाकघरात गेला. ताई मोठ्या पातेल्यातलं कालवण बादलीत काढत होती. त्यानं तिच्या हातातला डाव घेतला.

"ताई, एक काम कर. मी वाढतो. तू मध्येच कधीतरी तो शब्द बोल."

"कोणता?"

"तोच. मला बघायचंय."

ताईला कळलं. तिनं दाराकडे बघितलं, जवळपास कुणी नव्हतं. ती कांद्याची टोपली घेऊन बसली आणि इकडचं तिकडचं बोलायला लागली, टपरीच्या कुलपाला गंज चढला असेल, मांजरीला खायला कोण घालत असेल. दरवान बादली भरत होता. त्यालाही गंमत वाटायला लागली, मन जरा सैल झालं.

"लागली," ताई म्हणाली.

डाव खाली पडला. भरलेला डाव, त्याच्याच पायावर. पाय भाजला, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. तो हाताकडे बघत राहिला.

"पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा केलं. आता तर त्याला माहीत होतं, तरी बोटं उघडलीच. तिसऱ्यांदा त्यानं डाव दोन्ही हातांनी धरला तेव्हा कुठे डावाला नुसता हिसका बसला.

"बारक्या," ताईचा चेहरा उतरला. "सांग ना त्यांना. नको म्हणावं तुला दांडा."

"सांगितलं तर मला दुसऱ्या बोटीवर टाकतील. मग दाजींकडे कोण बघणार?"

ताईनं कांद्याची टोपली पुढे ओढली. तिनंच बांधलेली गाठ होती ती. तेवढ्यात दरवानाचं लक्ष गेलं, दाराच्या चौकटीत दाजी उभे होते, रिकामा पेला हातात घेऊन. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. ते आत आले, जमिनीवरचा डाव उचलला, धुतला, पातेल्यात ठेवला आणि मेव्हण्याच्या खांद्यावर एकदा थोपटून निघून गेले. चहा न घेताच गेले.

सकाळी समुद्र बोटींनी भरला होता. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर लोखंडी डबे लाटांवर चढत होते आणि आपटत होते. दरवानानं त्या दिवशी डावा हात उजव्यावर ठेवून दांडा धरला होता. त्याच्या छातीत असं धडधडत होतं की इंजिनाचं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळेना. शिंपी पुढ्यात वाकून ओकत होता, पण तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. मग किनाऱ्यावरून बंदुका सुरू झाल्या. डोक्यावरून काहीतरी कापड फाटल्यासारखं जायला लागलं. सगळे टोप एकदम खाली झाले. दाजींना खाली होता येत नव्हतं. पेटाऱ्यावर उभं राहिल्याशिवाय पुढचं दिसत नाही.

बोट एका लाटेवर उंच चढली. पत्र्यावर टण्ण झालं. दरवानानं वर बघितलं. दाजी पुढे बघत होते, सुकाणूवर दोन्ही हात, ओठ घट्ट मिटलेले, इतके घट्ट की पांढरे पडलेले.

"दाजी?"

दाजींनी एक बोट सुकाणूवरून उचललं. थांब. दरवानाला वाटलं, बोललो म्हणून चिडले. त्यानं मान खाली घातली आणि दांडा आवळला.

त्यानंतरचं पाणी काही केल्या संपेना. बुडाला एक दणका बसला, दुसरा बसला. दरवानाच्या हाताला घाम सुटला. पोस्टमननं मान मागे वळवली आणि बघितलं. आज त्याचे डोळे दरवानावरून सरकून वर दाजींकडे गेले आणि तिथेच थांबले. मग बुडाखाली वाळूचा खरखर आवाज आला, लांबलचक, खरा.

"दार," दाजी म्हणाले.

फार हळू म्हणाले. दरवानाला खात्री वाटेना. "दाजी, काय म्हणालात?"

"दार."

त्यानं दांडा सोडला. दार पडलं, समोर गुडघाभर पाणी आणि पुढे वाळू. माणसं पळाली, मागचा पुढच्याला ढकलत, शिंपीसुद्धा. एकही माणूस बुडाला नाही. पोस्टमन तेवढा वाळूवर पोचल्यावर उभा राहून मागे बघत होता, आणि हवालदार त्याला पुढे ओढत होते. दरवानाला इतकं हलकं वाटलं की तो हसलाच. "जमलं, दाजी," तो म्हणाला आणि वळला.

दाजी पेटाऱ्यावरून खाली घसरून बसले होते. सदऱ्याची एक बाजू काळी झाली होती, पार पायापर्यंत. खालचा ओठ दातांनी तुटला होता.

आता तुम्ही म्हणाल, दुसरं काही ओरडायचं. दुखतंय म्हणायचं, मेलो म्हणायचं, आईला हाक मारायची. बसल्या जागी सुचतं हो सगळं. गोळी शिरल्यावर माणसाच्या तोंडात आपसूक एकच शब्द येतो, आणि एकदा तोंड उघडलं की आत काय आहे ते बाहेर पडतं. दाजींनी तोंडच उघडलं नाही.

"कधी?" दरवानानं विचारलं.

"मघाशी. खोल पाण्यात."

"मग बोलला का नाहीत? मी कुणाला तरी हाक मारली असती. बोलायचं होतं ना, दाजी."

दाजींनी रहाटाच्या दांड्याकडे बघितलं. "बोललो असतो तर तू दार सोडलं असतंस," ते म्हणाले. त्यात रागाचा मागमूस नव्हता.

नाही, सोडलं नसतं, असं दरवानाला म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. पण कालचा डाव दोघांनीही बघितला होता.

तो दारावर धावत गेला आणि किनाऱ्याकडे बघून ओरडायला लागला. वाळूवर पांढऱ्या पट्ट्या बांधलेले पंच फिरत होते. त्यांचं काम एवढंच, काठी टेकवून सांगायचं, तू मेलास, तू जखमी, आणि ज्याला सांगितलं त्यानं आडवं व्हायचं. वाळूवर अशी खोटी मेलेली माणसं ठिकठिकाणी पडून आभाळाकडे बघत होती. "माणूस जखमी आहे," दरवान ओरडला. "सुकाणूवरचा माणूस जखमी आहे." पंचानं हात वर केला. "बरं, बरं. धरला जखमी. आता बोट मागे घे, मागच्यांना जागा दे." दरवान खरं, खरं असं ओरडत राहिला, पण त्या दिवशी त्या किनाऱ्यावर सगळेच खऱ्यासारखं ओरडत होते. मागच्या बोटी भोंगे वाजवायला लागल्या.

मग त्यानं दार वर ओढलं आणि स्वतः सुकाणू धरलं. छावणीच्या धक्क्यावर डॉक्टर होता. अंतर फार नव्हतं, फेरीला जायचं तेवढंच. दाजी त्याच्या पायाशी टेकून बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी "जरा डावीकडे घे" असं सांगितलं, कारण प्रवाह होता. दरवानानं डावीकडे घेतलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दरवान बोलत राहिला. ताईचं बोलला, टपरीचं बोलला, मांजरीचं बोलला. धक्का दिसायला लागला तेव्हा त्यानं खाली बघितलं आणि बोलणं थांबवलं.

धक्क्यावर ताई होती. परतणाऱ्या बोटींना चहा द्यायला स्वयंपाकघरातल्या बायकांना पाठवलं होतं. पहिली बोट हीच. ताई मोठ्या किटलीवर वाकली होती आणि वाफेत तिला काही दिसत नव्हतं. बोटीच्या पत्र्याच्या भिंती उंच, धक्क्यावरून आतलं दिसायचंच नाही. दरवान वाटभर मनाशी जुळवत आला होता, ताईला असं सांगू, आधी बसवू, मग सांगू. बोट धक्क्याला घासली आणि टेकली. त्यानं तोंड उघडलं आणि जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. इतके दिवस जिभेखाली दाबून ठेवलेला तो एकच शब्द उरला होता.

"ताई," तो म्हणाला, "लागली."

ताईनं मान वर न करता दोन पेले पुढे ओढले आणि भरले. "हळू बोल, बारक्या. हवालदारांनी ऐकलं तर पोतं देतील," ती हसून म्हणाली. "आलात ना दोघं, मिळालं मला. ह्यांना हाक मार, चहा निवतोय."

"बोट नाही, ताई," दरवान म्हणाला.